वाचकांचे प्रश्न : ब्लॉग लिहिणाऱ्यांची सेवा टिकवायची कशी?

प्रश्न : मी वाराणसीचा. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांपैकी आमचे एक. विद्यापीठातल्या दोन मित्रांना घेऊन मी ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी एक छोटी वेबसेवा सुरू केली आहे. मराठी आणि हिंदी ब्लॉगांवरचे नवे लेख तिथे एका पानावर दिसतात. ज्यांचा स्वतःचा ब्लॉग नाही त्यांना तो आमच्याकडेच उघडता येतो. लोक हळूहळू येत आहेत. रोज कोणी ना कोणी नवी सोय मागते आणि आधी काय हाती घ्यावे ते आम्हाला कळत नाही. घरातले मोठे म्हणतात, काशीत किती छापखाने आणि पत्रे निघाली नि मिटली, तुमचे हे किती दिवस चालणार? तर विचारायचे असे : अशा सेवा इतक्या लवकर का बंद पडतात? त्या चालवायच्या कशा? आणि सुधारणांचा क्रम कोणता धरावा?
एक वाचक, वाराणसी

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट लागले की बाकीचे दोन सोपे होतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

२००८ सालच्या अखेरीस जर्नलस्पेस नावाच्या अमेरिकी ब्लॉगसेवेतला सगळा मजकूर गेला. त्यांच्या सर्व्हरमध्ये एका डिस्कवर जे लिहिले जाई ते त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवरही उतरत असे, आणि हाच आपला बॅकअप असे चालकांनी धरले होते. मग डेटाबेस पुसला गेला, आणि तो दोन्ही डिस्कवरून पुसला गेला. डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञांच्या हातीही काही लागले नाही. लोकांनी वर्षानुवर्षे लिहिलेले सगळे संपले आणि सेवाही संपली. लगेच पुढे, जानेवारी २००९मध्ये, मॅग्नोलिया ही वाचनखुणा साठवून ठेवणारी सेवा अशीच गेली. त्यांच्याकडे बॅकअप होता, पण त्यातून माहिती परत आणता आली नाही.

दोन डिस्क सारख्या ठेवल्याने एक डिस्क बिघडली तर तुम्ही वाचता. चुकीच्या आज्ञेने मजकूर पुसला गेला, कोणी मुद्दाम पुसला किंवा प्रोग्रॅममधल्या दोषाने तो खराब झाला, तर त्या दोन डिस्कचा काही उपयोग होत नाही. त्यासाठी काल, परवा आणि गेल्या महिन्यात मजकूर कसा होता त्याच्या वेगवेगळ्या प्रती लागतात. त्यांतली निदान एक तुमच्या होस्टिंग कंपनीच्या बाहेर हवी आणि एक इंटरनेटला न जोडलेल्या डिस्कवर हवी. या प्रती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या असाव्यात, कारण त्यांत लोकांचे ईमेलचे पत्ते असतात. आणि सगळ्यांत जे टाळले जाते ते म्हणजे त्या प्रतीतून सेवा पुन्हा उभी करून पाहणे. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर कालच्या बॅकअपमधून अख्खी सेवा उभारा आणि कोणतेही दहा जुने लेख उघडून पाहा. हे होत नसेल तर तुमच्याकडे बॅकअप आहे असे मी मानणार नाही.

नवी सेवा मजकूर हरवून मरते तशी ती चालवणाऱ्याच्या थकव्यानेही मरते, आणि याची उदाहरणे तुमच्या अगदी जवळची आहेत. हिंदी ब्लॉग एका ठिकाणी दाखवण्याचा पहिला प्रयत्न देबाशीष चक्रवर्ती यांच्या 'चिट्ठाविश्व'चा. मग जीतेंद्र चौधरी यांचे 'नारद' आले. २००७मध्ये 'ब्लॉगवाणी' आणि 'चिट्ठाजगत' आली. हिंदीत नवे लिहिणाऱ्याला पहिला वाचक या पानांवरून मिळत असे. आपल्याकडे 'मराठी ब्लॉग विश्व'चे चिन्ह बहुतेक मराठी ब्लॉगांच्या कडेला दिसायचे, तेही त्याच काळात. २०१०मध्ये 'ब्लॉगवाणी' थांबली आणि एकेक करून बाकीचीही मावळली. ही कामे नोकरी-धंदा सांभाळून, पदरचे पैसे घालून, मोजक्या माणसांनी केलेली होती. लेख वर-खाली का झाला, अमक्याला का घेतले, तमक्याला का काढले यावरून रोज पत्रे येत आणि भांडणे होत. 'नारद'वर २००७मध्ये एक ब्लॉग काढून टाकण्यावरून मोठे वादळ झाले. 'ब्लॉगवाणी'वर लेखाला 'पसंद' देण्याची सोय होती. कोण कुणाची पसंती वाढवतो यावरून तिथे जे आरोप झाले त्यांनी चालवणाऱ्यांचा जीव मेटाकुटीला आला.

म्हणून सांगतो, क्रमवारी आणि पसंतीचे आकडे ही सोय तुमच्याकडे कितीही जणांनी मागितली तरी लवकर देऊ नका. लोकप्रिय लेखांची यादी लावली की लिहिणारे त्या यादीसाठी लिहू लागतात आणि ती यादी निष्पक्ष ठेवण्याचे काम तुमच्या तिघांच्या डोक्यावर येते. त्याला सरळ पर्याय म्हणजे वेळेचा क्रम, नवा लेख वर. त्यात एक दुरुस्ती मात्र करा. एकाच माणसाने एका तासात आठ लेख टाकले तर पानावर त्याचा एकच दिसावा आणि उरलेले त्याच्या नावाखाली मिटलेले राहावेत. आणि नव्या लेखकांना एक वेगळी पट्टी द्या, ज्यांचा पहिला किंवा दुसरा लेख आहे त्यांची. माझ्या मते ब्लॉग लिहिणाऱ्याला आयुष्यात सर्वांत मोठी मदत कुठे होत असेल तर ती या पहिल्या पंधरवड्यात. पहिल्या लेखाला एकही वाचक मिळाला नाही तर दुसरा लेख बहुधा येतच नाही.

आता काशीचे. घरातल्या मोठ्यांचे म्हणणे खोटे नाही, पण अर्धेच आहे. १८४५मध्ये राजा शिवप्रसाद यांच्या पुढाकाराने 'बनारस अखबार' निघाले. त्याचे संपादक होते गोविंद रघुनाथ थत्ते. तुमच्याच वस्तीत शोभणारे नाव. पत्राची लिपी नागरी होती पण भाषा फार्सी-अरबी शब्दांनी भरलेली, आणि सामान्य वाचकाला ती कळत नाही अशी तक्रार होती. पाच वर्षांनी, १८५०मध्ये, तारामोहन मित्र यांचे 'सुधाकर' त्याच शहरातून सोप्या हिंदीत निघाले. थत्त्यांचे पत्र टिकले नाही, पण कोणत्या भाषेत लिहिले की बनारसचा माणूस वाचतो हे त्यातून पुढच्यांना कळले. भारतेंदु हरिश्चंद्रांची 'कविवचनसुधा' १८६७-६८च्या सुमारास जुन्या कविता छापणारे मासिक म्हणून सुरू झाली. मग तिच्यात गद्य आले, ती पाक्षिक झाली आणि पुढे साप्ताहिक. एकदम सगळे करायचा हट्ट नव्हता. वाचक काय वाचतात ते पाहून एक-एक गोष्ट वाढत गेली. पत्राचा सूर खटकू लागला तेव्हा सरकार विकत घेत असलेल्या प्रती बंद झाल्या. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर उभे राहिले की काय होते ते तिथे दिसते, आणि पैशांच्या प्रश्नाकडे वळताना मी त्याची पुन्हा आठवण देणार आहे.

पण तुमच्या कामाला मला सगळ्यांत जवळची वाटते ती नागरी प्रचारिणी सभा. १८९३मध्ये क्वीन्स कॉलेजातल्या श्यामसुंदर दास, रामनारायण मिश्र आणि ठाकूर शिवकुमार सिंह या विद्यार्थ्यांनी ती सुरू केली. पुढे जुनी हस्तलिखिते शोधण्याचे प्रचंड काम तिने केले आणि 'हिंदी शब्दसागर' हा कोश काढला. महावीरप्रसाद द्विवेदी यांनी १९०३पासून 'सरस्वती' मासिक संपादित केले, त्यासाठी आलेल्या लेखांची हस्तलिखिते त्यांनी स्वतः सभेला दिली. त्यावर त्यांच्या हातच्या दुरुस्त्या आहेत. लेखकाने काय लिहिले होते आणि संपादकाने काय बदलले, दोन्ही आज पाहता येते. मैदागिनकडे जाल तेव्हा सभेच्या इमारतीकडे या नजरेने एकदा पाहा. 'सरस्वती'चे अंक लोकांनी विकत घेणे थांबवले तरी तो कागद तिथे राहिला. टिकणे म्हणजे काय याचा अर्थ मी असा लावतो की तुमची सेवा पन्नास वर्षे चालली नाही तरी हरकत नाही, तिच्यावर लिहिलेले मात्र लिहिणाऱ्याच्या हाती सुखरूप पोहोचले पाहिजे.

याचा तांत्रिक अर्थ असा. प्रत्येक लेखकाला एका बटणाने आपले सगळे लेख, चित्रे, तारखा आणि वाचकांच्या प्रतिक्रिया एका फाइलमध्ये उतरवून घेता आल्या पाहिजेत, आणि ती फाइल वर्डप्रेसला किंवा दुसऱ्या सेवेला वाचता येईल अशा स्वरूपात हवी. ही सोय 'पुढे कधीतरी' या यादीत ढकलू नका. नव्या सोयींच्या क्रमात मी तिला पहिला नंबर देतो. ब्लॉगर ही सेवा ऑगस्ट १९९९मध्ये पायरा लॅब्ज नावाच्या चिमुकल्या कंपनीने काढली, तेव्हा लेख लेखकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर पाठवण्याची सोय तिच्यात होती. कंपनी कोलमडायच्या बेतात आली त्या दिवसांतही अशा लेखकांचे लेख त्यांच्याच जागेवर होते. पुढे ती गूगलने २००३मध्ये घेतली आणि २०१०मध्ये ही सोय बंद केली, याचे मला आजही वाईट वाटते. पोस्टरस ही सेवा ३० एप्रिल २०१३ला बंद झाली, पण तिने आधी मुदत जाहीर केली आणि लेख उतरवून घ्यायला फाइल दिली. बंद करायचेच असेल तर असे करावे.

सुधारणांच्या क्रमात दुसरे स्थान माझ्या मते देवनागरीचे. परदेशी सेवांची नक्कल करताना हे राहून जाते आणि लिहिणाऱ्याला रोज बोचते. तुम्ही मराठी आणि हिंदी दोन्ही सांभाळता, म्हणून थोडे खोलात जातो.

'दुसऱ्या', 'चाकऱ्या', 'दऱ्या' या शब्दांतला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. काही कळफलक 'ऱ' हे वेगळे अक्षर घेऊन त्याला हलंत लावतात. काही साधा 'र', हलंत आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह टाकतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शोधाच्या चौकटीला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि निम्मे लेख सापडतच नाहीत. सोपा उपाय म्हणून काही जण न दिसणारी चिन्हे सरसकट गाळून टाकतात. तसे केले की 'दऱ्या' चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातल्या खोऱ्यांचा समुद्र. मराठीत हे चालणार नाही. योग्य वाट अशी की जोडचिन्हाचा प्रकार 'ऱ'च्या प्रकारात बदलून साठवायचा, म्हणजे शोधही लागतो आणि शब्दही शाबूत राहतो. तीच गोष्ट 'ॲ'ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८मध्ये आले. त्याआधीच्या लेखांत आणि पुढेही बऱ्याच कळफलकांवरून लोक 'अ'ला वेगळी चंद्रकोर जोडत किंवा हिंदीतला 'ऍ' वापरत. तिन्ही एकच मानून शोधायला हवेत. हिंदीत 'ड़'चा नुक्ता कधी अक्षरात मुरलेला असतो, कधी वेगळा लावलेला. युनिकोडच्या ठरलेल्या नियमाने मजकूर एकसारखा करून घेतला की हे एका ओळीच्या आज्ञेत सुटते, पण ती ओळ कोणीतरी लिहावी लागते.

डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर एक जुना सापळा तपासा. त्यातला 'यूटीएफ८' या नावाचा जुना प्रकार एका अक्षराला तीन बाइटच देतो. देवनागरी अक्षर बरोबर तीन बाइटचे, त्यामुळे सगळे ठीक चालते आहे असे वाटते. मग कोणी लेखाच्या मध्ये इमोजी टाकतो. तो चार बाइटचा. डेटाबेस कडक तपासणीवर लावलेला नसेल तर त्या इमोजीपासून पुढचा सगळा लेख कापून साठवला जातो, आणि लेखकाला वाटते आपणच नीट जतन केले नाही. वर्डप्रेसने एप्रिल २०१५च्या आवृत्तीत हे बदलून चार बाइटचा प्रकार घेतला. तुम्ही आजच पाहून घ्या.

लेखाच्या पत्त्याचेही असेच. देवनागरी शीर्षक पत्त्यात घातले की एकेका अक्षरचिन्हाचे नऊ इंग्रजी चिन्हांत रूपांतर होते. वर्डप्रेसमध्ये या भागाला दोनशे चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे काना-मात्रा धरून बावीस चिन्हांतच शीर्षक संपते आणि उरलेले कापले जाते. ब्लॉगरवर तर देवनागरी शीर्षक पत्त्यातून गळून जाते आणि 'ब्लॉग-पोस्ट' एवढेच उरते. माझा सल्ला असा की लेखाला एक छोटा क्रमांक द्या, पत्त्यात तो क्रमांक कायम ठेवा आणि त्यापुढे शीर्षक हवे तर लावा. शीर्षक बदलले तरी क्रमांकावरून लेख सापडला पाहिजे. एकदा दिलेला पत्ता कधीही मोडू नये, हा नियम तिघांनी मिळून लिहून ठेवा.

चालवण्याच्या रोजच्या कामाबद्दल आता थोडक्यात. दुसऱ्यांच्या ब्लॉगांचे नवे लेख तुम्ही फीडमधून आणता. दर पाच मिनिटांनी सगळ्यांची अख्खी फीड ओढू नका. मागच्या वेळी आणलेल्या प्रतीची खूण सोबत पाठवली तर समोरचा सर्व्हर 'बदल नाही' एवढेच सांगतो आणि दोघांचाही भार वाचतो. जो ब्लॉग महिन्यातून एकदा लिहिला जातो त्याच्याकडे दिवसातून एकदाच जा. फीडमध्ये एखादे चिन्ह चुकले म्हणून ती फेकून देऊ नका. ती जमेल तितकी वाचा आणि त्या लेखकाला नेमके काय बिघडले ते कळवा, त्याला बहुधा ते माहीतच नसते. पानावर पूर्ण लेख छापू नका. शीर्षक, लेखकाचे नाव आणि दोन-तीन ओळी पुरे. वाचक त्याच्या घरी जाऊ दे.

भार वाढला की नवा सर्व्हर घेण्याआधी तेच पान पुन्हा-पुन्हा बनवणे थांबवा. लाइव्हजर्नल ही ब्लॉगसेवा ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी १९९९मध्ये सुरू केली आणि वाढत्या गर्दीसाठी त्यांनी २००३मध्ये मेमकॅश्ड हा प्रोग्रॅम लिहिला. एकदा काढलेले उत्तर स्मृतीत ठेवून पुढच्या माणसाला तेच द्यायचे, एवढीच त्यामागची कल्पना. आज जगातल्या कितीतरी मोठ्या साइट त्यावर चालतात. तुमच्या पहिल्या पानाला तर एक मिनिट जुनी प्रत दाखवली तरी कोणाचे काही बिघडत नाही. त्याच लाइव्हजर्नलचे सर्व्हर १४ जानेवारी २००५ला विजेअभावी एकदम बंद पडले. सर्व्हर जिथे ठेवले होते त्या केंद्रात कोणीतरी आणीबाणीचे बटण दाबले होते. वीज परत आली, पण डेटाबेस तपासून सगळे पूर्ववत व्हायला दिवसाहून अधिक वेळ गेला. अशा वेळी लोकांना काय चालले आहे ते कळत राहिले तर ते धीर धरतात. तुमच्या सेवेच्या बाहेर, वेगळ्या होस्टिंगवर, एक साधे पान ठेवा. त्यावर 'बंद आहे, हे कारण, इतक्या वाजता पुन्हा सांगतो' एवढे लिहिता यावे.

फोटोंचे वेगळे सांगायला हवे, कारण तुम्ही काशीत आहात. देवदिवाळीच्या रात्री घाटावरच्या दिव्यांचे फोटो शेकडो लोक एकदम चढवतील आणि फोनमधला एकेक फोटो काही एमबीचा असतो. चढवतानाच तो लहान करा. आणि त्यात फोन जे ठिकाणाचे आकडे लिहून ठेवतो ते पुसून टाका. घराच्या गच्चीवरून काढलेल्या फोटोबरोबर एखाद्या बाईच्या घराचा पत्ता जगाला जाऊ नये.

स्पॅम येणारच, आणि नव्या सेवेवर तो लेखकांच्या आधी येतो. लिंक विकणाऱ्यांना तुमच्या पानावरची एक लिंक हवी असते. २००५मध्ये सर्च इंजिनांनी 'या लिंकला वजन देऊ नका' अशी खूण मान्य केली, ती नव्या खात्यांच्या सगळ्या लिंकांना लावा. जुन्या, विश्वासाच्या लेखकांची काढून टाका.

कायद्याकडे दुर्लक्ष करू नका. इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या सेवेला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९चे संरक्षण आहे, पण अटींवर. मार्च २०१५च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६अ रद्द केले आणि कलम ७९बद्दल असे म्हटले की न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना मिळाल्यावर मजकूर काढण्याची जबाबदारी येते. म्हणजे कोणी रागावून ईमेल केला म्हणून लेख उडवणे तुमच्यावर बंधनकारक नाही. २०२१च्या नियमांनी तक्रार-निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर करणे आवश्यक केले. मूळ नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत, अशी मुदत होती. या मुदती दुरुस्त्यांनी बदलतात, त्यामुळे एका वकिलाकडून वर्षातून एकदा तपासून घ्या. एखादा लेख काढलाच तर लेखकाला कारण सांगा आणि त्याची प्रत त्याला द्या.

जुलै २००६मध्ये मुंबईच्या लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांनंतर सरकारने मोजकी पाने बंद करायला सांगितली, आणि इंटरनेट कंपन्यांनी अख्खे ब्लॉगस्पॉट बंद केले. हजारो निरपराध ब्लॉग त्यात अडकले. ज्यांच्याकडे स्वतःचे डोमेन असते त्यांना अशा वेळी जागा बदलता येते. म्हणून तुमच्या लेखकांना स्वतःचे डोमेन जोडू द्या, आणि ते फुकट जोडू द्या. 'आज' या दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर हे काशीतच जन्मलेल्या मराठी घरातले. १९३०मध्ये प्रेस अध्यादेशाने छपाई अडली तेव्हा त्यांनी सायक्लोस्टाइलवर गुप्तपणे 'रणभेरी' काढली. एक वाट बंद झाली की दुसरी हाताशी असली पाहिजे, हे तुमच्या शहरातल्या पत्रकारांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

पैसे. जानेवारी २००१च्या सुमारास पायरा लॅब्जकडे सर्व्हर घ्यायलाही पैसे नव्हते. त्यांनी ब्लॉगर वापरणाऱ्यांकडे वर्गणी मागितली आणि लोकांनी दिली. तरी पगार भागेनात, बाकीचे सहकारी गेले आणि कंपनीचे एक संस्थापक इव्हान विल्यम्स यांनी काही काळ ती एकट्याने चालवली. मग ट्रेलिक्स या कंपनीशी झालेल्या करारातून थोडा श्वास मिळाला. त्यातून मी घेतो ते एवढेच : ज्यांना सेवा आवडते ते पैसे देतात, पण मागावे लागतात, आणि संकट दारात येण्याआधी मागावे लागतात. तुमचा वर्षाचा खर्च पानावर उघड लिहा. होस्टिंग, डोमेन, बॅकअपची जागा. दरमहा चहाच्या दोन कपांएवढी ऐच्छिक वर्गणी मागा. एखादा मोठा जाहिरातदार मिळाला तर घ्या, पण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक त्याच्यावर सोपवू नका. 'कविवचनसुधा'ची आठवण इथे ठेवा.

आणि तुम्ही तिघे आहात, तर तिघांना सगळे यायला हवे. सर्व्हर चालू करणे, बॅकअपमधून उभारणे, डोमेनचे पैसे भरणे. डोमेन एकाच्या खाजगी ईमेलवर घेतलेले असेल आणि तो नोकरीला बंगळूरला गेला, की वर्षाने ते हातचे जाते. आठवड्यातला एक दिवस कोणीही सेवेला हात लावणार नाही, असाही नियम करा. परीक्षेच्या काळात नवी सोय बंद, फक्त दुरुस्त्या.

तुमच्या पत्राच्या शेवटी ताजा कलम होता : जुने, बंद पडलेले मराठी ब्लॉग आम्ही आमच्याकडे उतरवून ठेवावेत का?

परवानगीशिवाय नको. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे राहतो. ब्लॉग बंद आहे म्हणून लेख बेवारस होत नाही. पण हात बांधून बसायचेही कारण नाही. २००८च्या आसपास 'ब्लॉग माझा'सारख्या स्पर्धा होत तेव्हा मराठीत भरभरून लिहिणारी माणसे होती. त्यांचे पत्ते आणि शीर्षके यांची सूची तुम्ही करू शकता, आणि पान अजून उघडत असेल तर ते इंटरनेट आर्काइव्हकडे जतन करायला नोंदवू शकता. लेखकाला पत्र पाठवा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतील, काही जणांना आपला पासवर्डही आठवत नसेल, त्यांना ओळख पटवून लेख परत मिळवायला मदत करा. जे आता नाहीत त्यांच्या घरच्यांना विचारा. आणि नव्या खात्याच्या अर्जात एक रकाना आजच वाढवा, ऐच्छिक : माझ्यानंतर हे लेख कोणाच्या हाती द्यावेत. एक नाव आणि एक ईमेल. वयस्क लेखकांना तो रकाना भरायला तुम्ही स्वतः फोन करून सांगा, कारण अर्जातले ऐच्छिक रकाने कोणी भरत नाही.